हौद्याच्या गाड्या व्हिंटेज का नाहीत? रस्ते वाहतूक मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, रस्ते वाहतूक व महामार्ग, भारत सरकार, नवी दिल्ली
प्रत माहितीसाठी : मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय : पन्नास वर्षांवरील मालवाहू पिकअप गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळण्याबाबत, आणि दुरुस्ती कशाला म्हणायचे व फेरफार कशाला, हे ठरवण्याबाबत

महोदय,

15 जुलै 2021 च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत 81ए पासूनचे नियम आले आणि जुन्या गाड्यांना देशभर एकसारखी नोंदणी मिळाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली गाडी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार, प्रमाणपत्र दहा वर्षांचे, नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. आधीचा क्रमांक असेल तर तोच ठेवता येतो, ही त्यातली सर्वांत शहाणी तरतूद. या नियमांबद्दल आमची मूळ तक्रार नाही. तक्रार आहे ती व्याख्येतल्या एका ओळीबद्दल. दुचाकींचे एल1 आणि एल2 हे वर्ग आणि चारचाकींतला फक्त एम1, म्हणजे माणसे नेणारी गाडी, एवढेच तिथे लिहिले आहे. माल नेणारी छोटी गाडी, म्हणजे साडेतीन टनांपर्यंतचा एन1 वर्ग, त्यात नाही.

त्यामुळे काय होते ते एका जोडीवर दाखवतो. महिंद्राची सीजे-3बी जीप आणि त्याच कंपनीची एफसी-150 पिकअप. दोन्हींत हरिकेन एफ-134 हे 2,199 सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) एकाच घराण्याची. एफसीची केबिन इंजिनावर चढवलेली आणि मागे हौदा, म्हणून ती मालवाहू. जीपचा मालक पन्नास वर्षे झाली की अर्ज करतो आणि रॅलीत जातो. पिकअपच्या मालकाला मात्र दरवर्षी पासिंग, पिवळी पाटी आणि मालवाहू गाडीचा विमा, मग हौद्यात वर्षभर एक पोतेही चढलेले नसो. पासिंग एकदा हुकले की गाडी भंगाराच्या वाटेला लागते.

यातून एक उलटाच उद्योग सुरू होतो. हौदा काढायचा, बाक आणि टप बसवायचा आणि 'जीप' म्हणून नोंद बदलून घ्यायची, हा मोह मालकाला होतो. मूळ रूप जपा म्हणणारा नियमच मूळ रूप मोडायला लावतो.

या गाड्या परक्या नाहीत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीत जुळणीचा कारखाना काढला, तिथून शेव्हरोलेच्या मोटारींबरोबर ट्रकही बाहेर पडले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो आणल्या. माझगावात महिंद्राने विलिस जीप जुळवल्या. बजाज टेम्पोची मॅटाडोर आकुर्डीतून निघाली. द्राक्षे, दूध, कापूस, बर्फ, मासळी, लग्नाचे वऱ्हाड, सगळे याच हौद्यांतून गेले. शोरूमच्या काचेआड ठेवलेल्या लांबलचक मोटारींपेक्षा इथल्या लोकांच्या आठवणीत या गाड्या जास्त आहेत, असे आमचे मत आहे. ते कोणाला पटो न पटो, एन1 वगळण्यामागे तांत्रिक कारण आम्हाला तरी दिसत नाही.

आता दुसरा, जास्त अवघड मुद्दा. गाडीची 'मोठी दुरुस्ती', म्हणजे चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार, झालेली नसावी अशी अट आहे. हेतू योग्य आहे. लष्करी लिलावातल्या सुट्या भागांतून हरियाणातल्या डबवालीसारख्या बाजारात नवी जीप उभी करायची आणि जुनी आरसी चिकटवायची, असे व्यवहार सगळ्यांना ठाऊक आहेत. पण मालवाहू गाडीच्या बाबतीत ही अट आहे तशी लावली तर पन्नास वर्षे प्रामाणिकपणे चाललेली एकही गाडी पात्र ठरणार नाही. पिकअपमध्ये हौदा हा झिजणारा भाग आहे. लाकडी फळ्या कुजतात, फाळक्याच्या बिजागऱ्या तुटतात, तळाचा पत्रा खताने आणि मिठाने खाल्ला जातो. शिवाय आपल्याकडे कितीतरी गाड्या कारखान्यातून चासी आणि काऊल, म्हणजे केबिनचा समोरचा भाग, एवढ्याच निघत, पुढचा हौदा गावचा बॉडी बिल्डर बांधी. अशा गाडीचा 'मूळ हौदा' म्हणजे त्या सुताराने आणि वेल्डरने बांधलेला हौदा. तो त्याच मापाने, त्याच पद्धतीने पुन्हा बांधला तर ती दुरुस्ती मानावी.

केबिनच्या पत्र्याचेही तेच. गंज कुठे धरतो ते या गाड्या उघडणाऱ्या प्रत्येक डेंटरला माहीत आहे. पायाखालचा फ्लोअर, दाराखालची पट्टी, समोरच्या काचेच्या रबराखालची चौकट आणि केबिन जिथे चासीवर बसते ती ठाणी. रबरी पॅड पाणी धरून ठेवते, म्हणून ठाण्याचा पत्रा आतून सडतो आणि वरचा रंग चकचकीत राहतो. योग्य काम असे : गंज खरवडून नव्हे तर कापून काढायचा, निरोगी धातू लागेपर्यंत. 18 गेजच्या, म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटरच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा तुकडा घडवायचा. 0.8 मिलिमीटर तारेच्या सीओटू वेल्डिंगने आधी टाके मारायचे, मग एका टोकाला थोडे, दुसऱ्या टोकाला थोडे असे भरत जायचे. सलग वेल्ड ओढला की पत्रा तापून वाकतो. नेहमीच्या 3.15 मिलिमीटरच्या रॉडने या पत्र्याला फक्त भोके पडतात. जोडावर दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर, मग रंग. आणि जे चालू नये ते म्हणजे गंजावर पुट्टी. पुट्टी पाणी शोषते, दोन पावसाळ्यांत फुगा येतो आणि तोवर आतला पत्रा गेलेला असतो. निरीक्षकाला हे ओळखायला एक लोहचुंबक पुरतो. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

चासी हा वेगळा विषय आहे आणि तिथे आम्ही सैलपणा मागत नाही. चासी क्रमांक कोरलेला भाग कापणे, बदलणे, त्यावर वेल्ड करणे याला माफी नसावी. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, बदलला तर अर्ज फेटाळावा. एफसी-150 चा तो 81 इंच, म्हणजे 2,057 मिलिमीटर आहे, टेपने पाच मिनिटांत मोजता येतो. मात्र मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, शेवटची आडवी पट्टी आणि जिथे चिखल साचतो त्या पेटीसारख्या बंद जागा इथे गंज येणारच. हातोडीने ठोकत गेले की निरोगी जागा खणखणते, सडलेली बद्द वाजते. तिथे मूळ जाडीचा तुकडा बसवणे ही दुरुस्तीच आहे, फक्त पद्धत बरोबर हवी. चासीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आडवा सरळ वेल्ड मारला की सर्वांत जास्त ताण सोसणारी रेघच उष्णतेने ठिसूळ होते आणि भरल्या गाडीत तिथूनच तडा जातो. म्हणून तुकड्याची टोके तिरपी कापायची आणि कडेवर आडवा वेल्ड टाळायचा. कारखान्याचे रिव्हेट ढिले झाले असतील तर भोक रीमर मारून साफ करायचे आणि त्यात घट्ट बसणारा 8.8 ग्रेडचा बोल्ट घालायचा. सैल भोकात साधा बोल्ट कसला की महिन्याभरात भोक लांबट होते.

इंजिनाबद्दल. रिबोअर, ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, नवे बेअरिंग हा फेरफार नाही. या इंजिनांना 10, 20, 30, 40 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोठे पिस्टन मुळात कारखान्यानेच ठरवून दिले होते, म्हणजे उघडले जाणार हे गृहीत धरूनच ती बनली. हरिकेन इंजिनाची एक गोष्ट मात्र आजच्या मिस्त्रींना कोणी सांगत नाही. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आहेत, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, बाजूला. वरचे कव्हर काढून इनटेकचे टॅपेट लावले जातात, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवली जाते. एक्झॉस्टचे टॅपेट मॅनिफोल्डखालच्या बाजूच्या झाकणाआड असतात, तिथे हात पोचत नाही, म्हणून ते राहून जातात. थंड इंजिनावर इनटेक 18 थाऊ (0.46 मिलिमीटर), एक्झॉस्ट 16 थाऊ (0.41 मिलिमीटर). एक्झॉस्टची फट कमी राहिली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, सीटला उष्णता देऊ शकत नाही आणि जळतो. मग त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन पडते आणि मिस्त्री म्हणतो, 'इंजिन गेले, डिझेल टाका.' डॉज-फार्गोच्या साइड-व्हॉल्व्ह सहा सिलिंडर इंजिनात असाच एक लपलेला शत्रू आहे. वॉटर पंपामागे ब्लॉकच्या आत पाणी वाटणारी पत्र्याची लांब नळी असते. ती सडली की पुढच्या सिलिंडरांना पाणी मिळते आणि मागचे दोन भाजतात, तापमानाचा काटा मात्र ठीक दाखवतो. रेडिएटर चार वेळा उकळून साफ केला तरी उपयोग नाही. वॉटर पंप काढून ती नळी ओढून बघावी लागते.

डिझेलचे निघालेच आहे तर स्पष्ट लिहितो. पेट्रोल महागले तेव्हा असंख्य जीप आणि पिकअपमध्ये मॅटाडोरची किंवा ट्रॅक्टरची डिझेल इंजिने बसली. तेव्हाच्या मालकांचे त्यात काही चुकले नाही, गाडी पोटासाठी होती. पण अशी गाडी आज व्हिंटेज मानू नये, असे आमचे म्हणणे आहे, आणि आमच्यातल्याच काहींना ते आवडणार नाही. मात्र मूळ प्रकारचे इंजिन मिळवून परत बसवले तर, क्रमांक वेगळा असला तरी, बिल आणि आरसीतली नोंद पाहून तिला पात्र धरावे. पन्नास वर्षांत ब्लॉक फुटलेल्या गाडीला तोच क्रमांक कुठून आणणार?

सर्वांत महत्त्वाचे ब्रेक. या गाड्यांचे ब्रेक एका सर्किटचे आहेत. एक पाइप फुटला, एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हातब्रेकच्या भरवशावर राहावे लागते. आजच्या वाहतुकीत हे आम्हाला धोक्याचे वाटते. दोन सर्किटचा टँडम मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचे तेल ढकलणारा मुख्य सिलिंडर) बसवणे, तेही चासीला नवे भोक न पाडता ब्रॅकेटवर, ही सुधारणा 'फेरफार' मानू नये असे नियमात शब्दांत लिहिलेले असावे. सध्याची अट अक्षरशः वाचली तर मालक भीतीने जुनाच सिलिंडर ठेवतो.

बाकी ब्रेकचे काम मूळ पद्धतीनेच होते आणि तिथे चूक कुठे होते तेही ठरलेले आहे. पेडलला सुमारे 12 मिलिमीटर मोकळी चाल हवी. ती नसेल तर मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते, तेल तापून फुगते आणि दहा-पंधरा किलोमीटरवर ब्रेक आपोआप लागू लागतात. लोक मग ड्रम काढून ब्रेक शू घासत बसतात, तिथे काही दोष नसतो. एकच चाक तापत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल तर रबरी होज बघायची. ती आतून सुजते, पेडलच्या जोराने तेल आत जाते पण परत येत नाही. बाहेरून होज नवी दिसते. व्हील सिलिंडरच्या आत नखाला लागेल एवढा खड्डा असेल तर नुसते रबर किट घालू नये, सिलिंडर बदलावा किंवा स्लीव्ह मारून घ्यावा. ड्रम लेथवर मारताना व्यास मूळ मापाहून दीड मिलिमीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नये. पातळ ड्रम तापला की फुगतो आणि घाटात पेडल खाली जाते. तेल डॉट 3, दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचे, कोकणात दरवर्षी, कारण ते हवेतले पाणी ओढते. हवा काढताना सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने करायची. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते बहुधा डावे मागचे.

एफसीसारख्या गाडीत आणखी एक बाब आहे, जी तपासणी केंद्रावर अडचण करते. केबिन आणि इंजिन पुढे, हौदा रिकामा, त्यामुळे मागच्या चाकांवर वजन फार कमी. जोरात ब्रेक लावला की मागची चाके आधी लॉक होतात. स्वयंचलित केंद्रातल्या रोलरवर रिकाम्या गाडीचे मागचे आकडे म्हणूनच कमी येऊ शकतात आणि त्यात दोष ब्रेकचा नसतो. हौद्यात मोजलेले वजन, समजा वाळूच्या पिशव्या, ठेवून चाचणी घेण्याची मुभा असावी.

इंधनाचा प्रश्न तुमच्याच सरकारच्या धोरणातून आला आहे, तेव्हा त्याची सोयही नियमात असावी. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल या गाड्यांच्या रबराला, कॉर्कच्या फ्लोटला आणि कार्ब्युरेटरच्या जस्ताच्या ओतीव भागांना मानवत नाही. पंपाचा डायफ्रॅम मऊ होऊन फाटतो, आणि यांत्रिक पंपात तो फाटला की पेट्रोल सरळ इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नये. इथेनॉल पाणी ओढते. टाकीच्या तळाशी पाण्याचा थर वेगळा होतो आणि तिथूनच गंज चालू होतो. शिवाय जुन्या टाकीत साचलेली राळ सुटून कार्ब्युरेटरमधली जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रे, तुंबतात. उपाय अवघड नाहीत. सगळ्या होज इथेनॉल सोसणाऱ्या विटॉन रबराच्या, डायफ्रॅम नव्या रबराचा, टाकी आणि पंपाच्या मध्ये फिल्टर, दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर कोरडा. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ होते, इंजिन खोकते आणि तापते. साध्या पेट्रोलवर लावलेल्या गाडीला इंधन सात-आठ टक्के जास्त लागते, म्हणजे मेन जेटचा व्यास सुमारे चार टक्के मोठा. हे बदल 'मूळ रूपात नाही' या शेऱ्याखाली अडकू नयेत.

वायरिंगवर जास्त लिहीत नाही. कापडी वेष्टणाच्या वायरी भुगा झालेल्या असतात, त्या बदलाव्याच लागतात, आणि फ्यूज नसलेल्या गाडीत फ्यूज बॉक्स घालणे हे आग टाळण्याचे काम आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर असते, म्हणून इंजिन ते चासी अर्थची जाड पट्टी हवीच. ती तुटली की स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल लाल होते.

गिअरबॉक्सचे एवढेच : 90 नंबरचे तेल, जीएल-4 प्रतीचे. जीएल-5 मधली गंधकाची रसायने पितळी सिंक्रो रिंग खाऊ शकतात. टी-90 गिअरबॉक्सला सुमारे एक लिटर, ट्रान्स्फर केसला दीड. ट्रान्स्फर केसची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंदू नये. मधला सील गेला आहे आणि गिअरबॉक्स कोरडा पडतो आहे.

आता चालवण्याबद्दल. नियमानुसार व्हिंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि इंधन किंवा देखभालीपुरतीच रस्त्यावर आणता येते. ही मर्यादा आम्हाला मान्य आहे. फक्त 'देखभाल' म्हणजे काय ते लिहा. अंगणात दहा मिनिटे इंजिन चालू ठेवणे ही देखभाल नाही, नुकसान आहे. तेवढ्या वेळात ऑइल पुरेसे तापत नाही, जळताना तयार झालेले पाणी क्रँककेसमध्येच राहते आणि फिलरच्या झाकणाखाली पांढरट मलई जमते. ब्रेकचे पिस्टन, क्लच प्लेट, मागच्या अॅक्सलचे सील यांना तर काहीच हालचाल मिळत नाही. पावसाळ्यात क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते ती अशाच उभ्या गाड्यांत. पंधरवड्यातून एकदा 20-25 किलोमीटरची फेरी, सर्व गिअरमध्ये, तीन-चार वेळा व्यवस्थित ब्रेक लावून, एवढी देखभाल फेरी नियमात नावानिशी असावी. हौद्यात माल नाही ही अट घाला, हरकत नाही. भाड्याने चालवलेली सापडली तर नोंदणी रद्द करा.

तेव्हा मागणी अशी. नियम 81ए च्या व्याख्येत, 3,500 किलोपर्यंत एकूण वजनाच्या, वैयक्तिक वापरातील एन1 गाड्या घालाव्यात. मालवाहू नोंदणीतून व्हिंटेज नोंदणीत येताना हौदा काढण्याची अट नसावी. पासिंग संपलेल्या गाडीला दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत मिळावी, त्या काळात तिला भंगार धरू नये. चासीचे काम, सुटे भाग आणि रंग धरून घरी काम करणाऱ्याला दोन वर्षे सहज लागतात. आणि दुरुस्ती व फेरफार यांची यादी परिशिष्ट म्हणून जोडावी, म्हणजे एका आरटीओत चालणारे दुसऱ्या आरटीओत अडणार नाही.

त्या परिशिष्टाचा मसुदा, चासी क्रमांकांच्या जागा, इंजिनांचे प्रकार आणि व्हीलबेसच्या मापांसह, मराठीत आणि इंग्रजीत तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत. एफसी-150, फार्गो, मॅटाडोर या तिन्ही गाड्या निरीक्षकांना उघडून दाखवण्याचीही तयारी आहे. गाड्या रॅम्पवर असतील, हातोडी आणि लोहचुंबक आम्ही आणू.

आपले,
महाराष्ट्रात घरच्या घरी जुन्या पिकअप दुरुस्त करणारे काही वाहनमालक आणि मिस्त्री